महिन्याची गोळी चालू, तरी हार्टवर्म पॉझिटिव्ह: नेमकं कुठे बिघडलं?

हार्टवर्मच्या, म्हणजे कुत्र्याच्या हृदयात आणि फुफ्फुसाच्या धमन्यांत राहणाऱ्या जंताच्या बाबतीत कानावर येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून तीनच. पहिली: "दर महिन्याला गोळी देतोय, एकदाही चुकली नाही, तरी चाचणी पॉझिटिव्ह आली." दुसरी: "उपचार पूर्ण केले, इंजेक्शनं झाली, आणि पुन्हा पॉझिटिव्ह." तिसरी: "एका चाचणीत आहे म्हणतात, दुसरीत नाही म्हणतात, आता खरं काय मानायचं?" तिन्ही वेळा निष्कर्ष मात्र आधीच काढून झालेला असतो, की औषधच बोगस निघालं. क्वचित तसं होतही असेल. पण संशयितांच्या रांगेत औषधाचा नंबर अगदी शेवटी लागतो. त्याआधी कॅलेंडर काढा आणि मागे मोजायला लागा.

किती मागे? सहा-सात महिने. हा आकडा कुठून आला हे समजलं नाही तर पुढची कुठलीच दुरुस्ती नीट जमणार नाही, म्हणून आधी या जंताचा प्रवास पाहू.

आजचा पॉझिटिव्ह, सहा महिन्यांपूर्वीचा डास

हार्टवर्म, म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस, डासाशिवाय एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन आजार करत नाही. एकाच भांड्यातून पाणी प्यायल्याने, चाटल्याने किंवा विष्ठेतून तो पसरत नाही. आजारी कुत्र्याच्या रक्तात जंताची सूक्ष्म पिल्लं, मायक्रोफिलेरिया, फिरत असतात. डासाने रक्त शोषलं की ती त्याच्या पोटात जातात. हवा उबदार असेल, २७ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर १० ते १४ दिवसांत ती डासाच्या अंगात वाढून पुढच्या कुत्र्याला लागण करण्याजोगी होतात. पारा १४ अंशांच्या खाली गेला की ही वाढ थांबते. मग तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावतो आणि चाव्याच्या जखमेतून अळ्या आत शिरतात.

आत शिरल्यावर अळी लगेच हृदयाकडे धावत नाही. पहिल्या बारा दिवसांत ती एकदा कात टाकते, कातडीखाली आणि स्नायूंत महिना-दीड महिना काढते, आणि ५० ते ७० दिवसांदरम्यान शेवटची कात टाकून कोवळा जंत होते. सत्तराव्या दिवसाच्या पुढे हे कोवळे जंत रक्तावाटे फुफ्फुसाच्या धमन्यांत पोचू लागतात. खरा मुक्काम तिथेच. संख्या फार वाढली की मग ते उजव्या हृदयात उतरतात. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, नर बराच आखूड. सहा-सात महिन्यांनी मादी स्वतःची पिल्लं रक्तात सोडू लागते. हे जंत कुत्र्याच्या अंगात पाच ते सात वर्षं जगतात.

नेहमीची अँटिजेन चाचणी ओळखते ती वाढलेल्या मादीचं प्रथिन. म्हणजे डास चावल्यापासून पाच महिने होईपर्यंत चाचणीला काही दिसत नाही. बहुधा सहा-सात महिने लागतात. जानेवारीत चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो डास उशिरात उशिरा जुलै-ऑगस्टमधला, कदाचित त्याच्याही आधीच्या वर्षाचा. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तुम्ही गोळ्या कितीही काटेकोरपणे दिल्या असल्या तरी त्यांचा या निकालाशी संबंध नाही. "गेले चार महिने एकही चुकली नाही" हे सांगण्यात काही खोटं नसतं, फक्त ते चुकीच्या चार महिन्यांबद्दल असतं.

गोळी पुढचं नाही, मागचं बघते

आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन ही सगळी प्रतिबंधक औषधं एकाच घराण्यातली. दर महिन्याची गोळी घेतली की पुढचे तीस दिवस अंगात पहारा बसतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गोळी डासाला अडवत नाही आणि नव्या अळीला दारातच रोखत नाही. ती महिनाअखेरीला फिरवलेला झाडू आहे: गेल्या महिनाभरात शिरलेल्या अळ्या एका फटक्यात मारते. झाडूला उशीर झाला तर? अळी साधारण ५० दिवसांपुढे गेली की कोवळा जंत व्हायला लागते आणि प्रतिबंधक डोस तिला पुरेसा पडत नाही. तीन महिन्यांच्या जंतावर तर त्या डोसाचा भरवसाच नको.

एवढी एक गोष्ट पक्की झाली की बरेच घोळ आपोआप उलगडतात.

डास कमी झाले म्हणून शेवटचा डोस टाळणं हा सगळ्यात मोठा घोळ. डासांच्या हंगामाच्या शेवटच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारायला त्यानंतरचा डोस लागतो, आणि नेमका तोच "आता कुठे डास आहेत" म्हणून राहतो. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी बारा महिने औषध चालू ठेवायला सांगते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. जिथे हंगामी औषध देतात तिथेही डास संपल्यावरचा डोस गाळायचा नसतो.

दुसरा घोळ तारखांचा. मार्चची गोळी १ तारखेला दिली, एप्रिलची ३० तारखेला. दोन्ही महिन्यांत गोळी गेली, वहीत दोन्ही खुणा आहेत, आणि मध्ये ६० दिवस निघून गेले. "महिन्यातून एकदा" आणि "दर ३० दिवसांनी" यातला हा फरक मी फार लोकांच्या नोंदींत पाहिला आहे. तारीख ठरवा आणि मोबाइलवर गजर लावा. "पगार झाला की देऊ" यावर सोडू नका.

नोंद सांगते एक, पाकीट सांगतं दुसरं

आता पहिल्या तक्रारीचा शोध. आठवणीवर जाऊ नका, पाकिटं मोजा. दहा महिन्यांपूर्वी सहा गोळ्यांचं पाकीट आणलं होतं, त्यानंतर नवीन आणलं नाही, आणि आज त्यात एक गोळी शिल्लक आहे, तर दहा महिन्यांत पाच गेल्या. यात वाद घालायला जागा नाही. खरेदीच्या पावत्या किंवा दवाखान्यातल्या नोंदी असतील तर त्याही काढा.

हिशोब जुळला तर पुढचा प्रश्न: गोळी पोटात गेली का? काही कुत्री गोळी गालात धरून ठेवतात आणि पाठ वळली की सोफ्यामागे नेऊन टाकतात. चावून खायची गोळी तुकडे करून द्या आणि शेवटचा तुकडा गिळेपर्यंत समोर थांबा. तासा-दोन तासांत उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून डोस पुन्हा द्यायचा का ते विचारा. मानेवर टाकायचं औषध असेल तर ते केसांवर न टाकता, केस बाजूला करून कातडीवर टाकायचं असतं. केसांवर ओघळलेलं औषध अंगात जात नाही. आंघोळ किती वेळ टाळायची ते प्रत्येक औषधाच्या पाकिटावर वेगळं दिलेलं असतं.

मग वजन. दोन महिन्यांचं चार किलोचं पिल्लू मोठ्या जातीचं असेल तर सहा महिन्यांत वीस किलोवर जातं, आणि गोळी मात्र पहिल्या वजनगटाचीच चालू राहते. वाढत्या पिल्लाचं दर डोसाआधी वजन करा. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन लहान कुत्र्यांत वाटणं हाही असाच प्रकार. औषध गोळीभर सारखं पसरलेलं असेलच असं नाही, एका अर्ध्यात जास्त, दुसऱ्यात नावापुरतं असंही होतं.

आणि सगळं ठीक असूनही औषधच वेगळं असू शकतं. "जंताचं औषध चालू आहे" असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांचं औषध पोटातल्या जंतांचं असतं. पायरँटेल, प्राझिक्वांटेल, फेनबेंडाझोल ही औषधं आतड्यातल्या जंतांसाठी चांगली आहेत, पण हार्टवर्मच्या अळीवर त्यांचा उपयोग नाही. गोचीड-पिसवांच्या गोळ्यांचंही तेच. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर एकटी असतील तर हार्टवर्म रोखत नाहीत. इथे नावं फसवतात: नेक्सगार्डमध्ये फक्त अफॉक्सोलानर आहे, नेक्सगार्ड स्पेक्ट्रामध्ये त्याच्या जोडीला मिल्बेमायसिन आहे. ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि पाकिटावर बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन यांपैकी एकही नाव तिथे नसेल, तर हार्टवर्मपुरतं तुमचा कुत्रा आजवर औषधाविनाच होता असं समजा.

गुरांच्या आयव्हरमेक्टिनबद्दल

यावर जरा थांबायला हवं, कारण "तेच तर औषध आहे आणि स्वस्त पडतं" हा सल्ला अगदी जाणत्या माणसांकडूनही मिळतो. हिशोब करून पाहा. कुत्र्याला महिन्याचा प्रतिबंधक डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. गुरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, अर्थात १०,००० मायक्रोग्रॅम. तुम्हाला मोजायचं आहे ०.००६ मिलिलिटर. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवरची सर्वांत लहान खूण सहसा असते ०.०१ मिलिलिटरची. म्हणजे घरात मिळणाऱ्या कुठल्याही साधनाने हा डोस मोजता येत नाही. हात जरा सैल पडला आणि ०.१ मिलिलिटर गेलं तर किलोमागे १०० मायक्रोग्रॅम झाले.

कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत आणि त्यांच्या संकरांत एमडीआर१ जनुकातला दोष बऱ्यापैकी आढळतो. हा दोष असलेल्या कुत्र्यात औषध मेंदूत साचतं, आणि अशा डोसाला लाळ गळणं, तोल जाणं, दिसेनासं होणं, झटके येणं, बेशुद्ध पडणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. लेबलवरचा प्रतिबंधक डोस मात्र या जातींनाही चालतो, त्यामुळे "आमचा कोली आहे म्हणून काहीच देत नाही" हेही बरोबर नाही. घोड्यांच्या पेस्टलाही मी याच रांगेत बसवतो.

डोस चुकलाच असेल तर

लक्षात आलं त्या दिवशी द्या आणि पुढची तारीख तिथून मोजा. दोन डोस एकदम देऊन भरपाई होत नाही, कारण जी अळी हाताबाहेर गेली ती गेलीच. दहा-पंधरा दिवसांच्या उशिराने सहसा बिघडत नाही. खंड दोन महिन्यांच्या पुढे गेला असेल तर औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून चाचणी करून घ्या आणि सहा महिन्यांनी आणखी एकदा करा. आजची चाचणी जुनी लागण दाखवेल, खंडाच्या काळात शिरलेली दाखवणार नाही. ती दुसऱ्या चाचणीत कळेल.

सात महिन्यांपेक्षा मोठ्या कुत्र्याला पहिल्यांदा औषध सुरू करतानाही हेच. रक्तात मायक्रोफिलेरिया भरपूर असताना काही औषधांनी, विशेषतः मिल्बेमायसिनने, त्या एकदम मरतात आणि कुत्रा शॉकमध्ये जाऊ शकतो. जुन्या काळी रोज द्यायची डीईसीची गोळी तर अशा कुत्र्यांच्या जिवावर बेतायची. कुत्र्याच्या पिल्लांना आठ आठवड्यांच्या आत सुरुवात करता येते, आणि तेव्हा चाचणीचा उपयोगही नसतो, कारण सापडण्याइतका मोठा जंत त्या वयात असूच शकत नाही.

एक चाचणी आहे म्हणते, दुसरी नाही

दोन्ही बरोबर असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी शोधतात. अँटिजेन चाचणी वाढलेली मादी शोधते. मायक्रोफिलेरियाची चाचणी रक्तातली पिल्लं शोधते.

मायक्रोफिलेरिया पाहायची सोपी पद्धत म्हणजे ताज्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन, वर पातळ काच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पिल्लं असतील तर आधी ती दिसत नाहीत, त्यांची गडबड दिसते. एका जागी तांबड्या पेशी उगाचच बाजूला ढकलल्या जात आहेत, दाटी मोडते आहे, पुन्हा जुळते आहे. भिंग तिथे स्थिर केलं की त्या दाटीत पारदर्शक, केसासारखं काहीतरी जागच्या जागी वळवळताना सापडतं. हार्टवर्मची पिल्लं बहुधा अशी एकाच जागी तडफडतात. अकँथोकायलोनेमा या दुसऱ्या, फारशा त्रास न देणाऱ्या जंताची पिल्लं सरळ पोहत नजरेबाहेर निघून जातात. पण नुसत्या हालचालीवर निदान ठरवू नये. त्यासाठी नॉटची चाचणी असते: एक मिलिलिटर रक्त पातळ फॉर्मालिनमध्ये मिसळून, यंत्रात फिरवून, तळाचा गाळ रंगवून पाहायचा. त्यात पिल्लाची लांबी आणि डोक्याचा आकार मोजता येतो. हे मोजणं महत्त्वाचं, कारण कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स हा त्याच घराण्यातला जंतही रक्तात पिल्लं सोडतो, आणि त्याचा उपचार हार्टवर्मसारखा नसतो. "रक्तात जंत दिसले" एवढ्यावर कोणी हृदयाच्या जंताची इंजेक्शनं सुचवत असेल, तर जंताची जात कशी ओळखली हे विचारायला संकोचू नका.

अँटिजेन पॉझिटिव्ह आणि मायक्रोफिलेरिया निगेटिव्ह ही जोडी महिन्याची गोळी घेणाऱ्या कुत्र्यात नेहमीची आहे. औषधाने पिल्लं मरतात, आईबाप राहतात. एकाच लिंगाचे जंत असले तरी पिल्लं नसतात. उलट, अँटिजेन निगेटिव्ह आणि रक्तात हार्टवर्मची पिल्लं, असंही घडतं. एकदोनच माद्या असतील तर प्रथिन कमी पडतं, किंवा कुत्र्याच्याच प्रतिपिंडांनी ते झाकलं जातं. प्रयोगशाळेत नमुना तापवून पुन्हा चाचणी केली की झाकलेलं प्रथिन मोकळं होऊन निकाल बदलू शकतो. फक्त नर जंत असतील तर ही चाचणी मुळातच आंधळी.

लक्षणं नसलेल्या कुत्र्याची एकच चाचणी पॉझिटिव्ह आली असेल तर उपचार सुरू करण्यापूर्वी वेगळ्या नमुन्यावर, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या किटवर, ती पक्की करून घ्यावी. पुढचा उपचार इतका लांबलचक आणि जोखमीचा आहे की एका दिवसाचा उशीर आणि थोडं रक्त ही त्यापुढे काहीच किंमत नाही.

उपचार एवढा लांब का

"जंत आहेत ना, मग मारून टाका इंजेक्शन" हा आग्रह मी समजू शकतो. अडचण अशी की हा जंत मेला तरी बाहेर पडायला वाट नाही. फुफ्फुसाच्या धमनीत तो कुजतो, तुटतो, त्याचे तुकडे रक्ताबरोबर पुढे जाऊन बारीक वाहिन्या बंद करतात. जिवंत जंतापेक्षा एकदम मेलेले पुष्कळ जंत जास्त घातक ठरतात. म्हणून वेळापत्रक.

निदान झालं त्या दिवशीच प्रतिबंधक औषध सुरू होतं, म्हणजे नवी भर पडत नाही आणि लहान अळ्या मरतात. जोडीला चार आठवडे डॉक्सिसायक्लिन. हे जंतासाठी नसून वॉल्बॅकिया नावाच्या जीवाणूसाठी असतं. हा जीवाणू जंताच्या अंगात राहतो आणि त्याच्यावाचून जंत अशक्त होतो. जंत मेल्यावर उठणारी सूजही त्यामुळे कमी होते. त्यानंतर महिनाभर थांबायचं. या थांबण्याला लोक फार कंटाळतात, "डॉक्टर वेळ काढताहेत" असंही म्हणतात. कारण मात्र पक्कं आहे: प्रतिबंधक औषध दोन महिन्यांपर्यंतच्या अळ्या मारतं, मेलार्सोमिनचं इंजेक्शन मोठे जंत मारतं, आणि मधल्या वयाचे दोघांच्याही तावडीतून सुटतात. ते इंजेक्शनाच्या वयाचे व्हावेत म्हणून ही वाट पाहायची.

साठ दिवस झाले की मेलार्सोमिनचं पहिलं इंजेक्शन, किलोमागे २.५ मिलिग्रॅम, कमरेच्या मणक्याशेजारच्या जाड स्नायूत खोल. हे औषध आर्सेनिकपासून केलेलं आहे आणि ते दवाखान्यातच द्यायचं असतं. पहिल्या इंजेक्शनात बहुतेक नर आणि थोड्याच माद्या मरतात, म्हणजे एकूण निम्म्याच्या आसपास. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, एका वेळी कमी मरावेत म्हणून. महिन्याने दुसरं, आणि त्यानंतर २४ तासांनी तिसरं. तिन्ही मिळून सुमारे ९८ टक्के जंत मरतात. सूज आवरायला प्रेडनिसोलोन उतरत्या डोसाने देतात.

आणि विश्रांती. औषधांपेक्षा याच ठिकाणी जास्त उपचार फसतात. निदानाच्या दिवसापासून शेवटच्या इंजेक्शनानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत, म्हणजे एकूण साडेचार-पाच महिने, कुत्र्याने धावायचं नाही. लघवी-शीपुरतं पट्ट्याला बांधून बाहेर, चालत जायचं, चालत यायचं. जिने नकोत, सोफ्यावर उड्या नकोत, दाराची घंटा वाजली की होणारी धावपळ नको. लागेल तर क्रेट, म्हणजे कुत्र्याला ठेवायचा पिंजरा, वापरा. धावलं की फुफ्फुसातला रक्ताचा जोर वाढतो आणि तुटलेले तुकडे पुढे सरकतात. घोळ असा की पहिल्या इंजेक्शनानंतर कुत्रा ताजातवाना दिसायला लागतो आणि घरच्यांना त्याची दया येते. सर्वांत धोक्याचा काळ इंजेक्शनानंतर सात ते दहा दिवसांचा, आणि चार आठवड्यांपर्यंत तो ओसरत नाही. या काळात ताप, वाढलेला खोकला, धाप, खोकल्यातून रक्त किंवा गळून जाणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

खोकला-धाप जुनी असेल, पोटात पाणी झालं असेल तर आधी एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी होते आणि वेळापत्रक बदलतं. लघवी गडद तपकिरी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि कुत्रा कोसळला, तर जंतांचा गुंता हृदयात उतरून रक्ताची वाट अडवत असण्याची शक्यता असते. तिथे इंजेक्शन कामाचं नाही. मानेच्या शिरेतून जंत ओढून काढावे लागतात, आणि तेही तासांच्या हिशोबाने.

मेलार्सोमिन मिळत नसेल किंवा कुत्र्याला झेपणार नसेल तर मॉक्सिडेक्टिन आणि डॉक्सिसायक्लिनची जोडी वापरतात. तिचे परिणाम बऱ्यापैकी आहेत, पण जंत मरायला पुष्कळ महिने लागतात आणि तोवर धमन्यांची खराबी चालूच राहते. विश्रांतीही तितकीच लांबते. नुसत्या महिन्याच्या आयव्हरमेक्टिनवर "हळूहळू मरतील" म्हणून वर्षानुवर्षं ठेवणं मला पटत नाही. त्यात फुफ्फुसं खराब होतात आणि औषधाला न जुमानणारे जंत निपजायलाही मदत होते. लसणासारखे घरगुती उपाय तर नकोच. लसूण जास्त झाला तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, जंताचं काही बिघडत नाही.

उपचारानंतर पुन्हा पॉझिटिव्ह

इथेही पहिला प्रश्न तारखेचाच: शेवटचं इंजेक्शन कधी झालं? मेलेल्या जंतांचं प्रथिन रक्तातून जायला महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केलेली अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिचा अर्थच लागत नाही, ती करायचीच नव्हती. महिन्याने मायक्रोफिलेरिया तपासायचे, आणि अँटिजेन शेवटच्या इंजेक्शनानंतर नऊ महिन्यांनी.

नऊ महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर काही माद्या वाचल्या आहेत. बहुधा डॉक्सिसायक्लिनचा दुसरा फेरा आणि २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं असा मार्ग घेतात. एकदा निगेटिव्ह येऊन नंतर पॉझिटिव्ह आली, तर नवी लागण किंवा पहिल्या वेळी लहान असल्याने सुटलेला जंत. नवी लागण असेल तर पुन्हा पाकिटं मोजायची. उपचार चालू असताना "एवढी औषधं चालली आहेत, महिन्याची गोळी कशाला" म्हणून ती बंद ठेवलेली बऱ्याचदा याच वेळी उघडकीला येते.

हे सगळं तपासून झालं, पाकिटं जुळली, वजन जुळलं, घटक बरोबर, तारखा तीस दिवसांच्या, आणि तरी लागण झाली, तर मग औषधाला दाद न देणाऱ्या जंताचा विचार करायचा. असे जंत खरोखर आहेत. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात ते सिद्ध झाले आहेत. अशा वेळी डॉक्टर औषध बदलतात, बहुधा मॉक्सिडेक्टिनकडे जातात, आणि डास चावणं कमी करण्यावर भर देतात: साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी उपसणं, डास जास्त असतील त्या वेळी कुत्र्याला आत ठेवणं, जाळ्या लावणं, कुत्र्यांसाठीचं डास पळवणारं औषध मानेवर टाकणं. त्यात पर्मेथ्रिन असेल आणि घरात मांजर असेल तर दोघांना एकत्र झोपू देऊ नका, पर्मेथ्रिन मांजरांना विषारी आहे.

मांजरालाही हार्टवर्म होतो, जंत एकदोनच असतात, पण तेवढेही जीव घ्यायला पुरतात आणि मेलार्सोमिन मांजराला चालत नाही. तिथे प्रतिबंधक औषध एवढाच भरवशाचा मार्ग आहे. माणसाला कुत्र्याकडून थेट लागण होत नाही. डासामार्फत क्वचित झाली तरी जंत फुफ्फुसात मरतो आणि एक्स-रेमध्ये गाठ दिसते. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही तेच डास चावले आहेत. त्याचंही रक्त त्याच दिवशी द्या, आणि निगेटिव्ह आलं तरी सहा महिन्यांनी पुन्हा.